कार्डशीट राहू द्या, मुलांना बोलू द्या

वाचकाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचं पत्र आलं आहे. शाळा द्विशिक्षकी आहे. पहिली-दुसरी मुख्याध्यापक सरांकडे, तिसरी-चौथी या ताईंकडे. पत्राचा सारांश असा :

"प्रशिक्षणात सांगतात, वर्गात सर्जनशीलता आणा. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज कुणाच्या तरी शाळेचे सुंदर व्हिडिओ येतात. मीही पगारातून कार्डशीट, घोटीव कागद, थर्माकोल आणलं. रात्री जागून साहित्य केलं, बाहुल्या केल्या, भिंती रंगवल्या. मुलं दोन दिवस खूश होती, मग पुन्हा तेच. चित्र काढा म्हटलं की सगळ्यांचे दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. निबंध लिहा म्हटलं की 'गाय हा उपयुक्त प्राणी आहे'. काही विचारलं तर माझ्या तोंडाकडे पाहत बसतात. एकदा चौथीतला एक मुलगा आपणहून जागलीची, म्हणजे रात्री पीक राखताना आलेल्या रोह्यांची (नीलगाईंची) गोष्ट सांगायला उठला, पण 'म्या गेलतो', 'मले दिसलं' असं इतकं अशुद्ध बोलत होता, की मी दुरुस्त करत गेले. तो मध्येच खाली बसला. सर म्हणतात, 'मॅडम, आधी पोरांना वाचता येऊ द्या, मग सर्जनशीलता काढा.' पालक म्हणतात, मॅडम नुसतं खेळवतात. तालुक्याच्या कॉन्व्हेंटची गाडी गावात यायला लागली आणि यंदा आमची तीन मुलं तिकडे गेली. मला गाता येत नाही, चित्र काढता येत नाही. खेड्यातल्या मुलांसाठी हे सगळं चैनच आहे का? सरळ फळा, खडू आणि पाठांतरावर परत जाऊ का?"

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात तुम्ही घेतलेल्या कष्टांची मोठी यादी आहे आणि त्यातला शब्दन् शब्द खरा असणार. ती वाचताना मी एकच गोष्ट शोधत होते. यात मुलांनी काय केलं? बाहुल्या तुम्ही केल्या. भिंती तुम्ही रंगवल्या. गोष्ट तुम्ही रचली, वाघाचा आणि सशाचा आवाजही तुम्हीच काढला. मुलांनी पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि घरी गेली. विचार करण्याचं, जुळवण्याचं, चुकून पुन्हा करण्याचं सगळं काम रात्री तुमच्या घरी उरकलं होतं. मुलांच्या वाट्याला फक्त बघणं उरलं. बघण्याची नवलाई दोन दिवस टिकते. त्यात तुमचा दोष नाही आणि मुलांचाही नाही. प्रशिक्षणात आणि ग्रुपवर आपल्याला दाखवतात तेच मुळी शिक्षकाचं कसब असतं.

म्हणून माझी पहिली विनंती : महिनाभर वर्गासाठी एक रुपयाही खर्च करू नका. गाता येत नाही, चित्र येत नाही, याचा विचारही सोडून द्या. त्याची इथे गरज पडणार नाही.

आता त्या नारळाच्या झाडाकडे बघू. तुमच्या गावात नारळाचं झाड आहे? दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य कुणी पाहिला आहे? कापसाच्या सपाट रानात राहणारं मूल हे चित्र काढतं, कारण शाळेत चित्र म्हणजे हेच असतं, ते त्याने हेरलेलं असतं. या चित्राला कुणी रागावत नाही. 'गाय उपयुक्त प्राणी आहे' या वाक्यालाही कुणी रागावत नाही. म्हणजे मुलांकडे कल्पना नाही असं म्हणता येत नाही. शाळेला काय चालतं याचा त्यांनी अचूक अंदाज बांधला आहे आणि त्याच्या बाहेर ती पाऊल टाकत नाहीत. हीच मुलं शेतात मातीतला खूर पाहून रोही गेला की रानडुक्कर, हे सांगतात.

'चित्र काढा', 'माझी आई या विषयावर लिहा' असं मोकळं सोडलं की मूल हमखास पाठ असलेल्या गोष्टीकडे धावतं. प्रश्न जितका नेमका, तितकं मूल स्वतःचं काही आणतं. म्हणून सगळ्यांना घेऊन शाळेच्या फाटकाशी बसा आणि सांगा : इथून जे दिसतं तेवढंच काढायचं, न दिसणारं काही काढायचं नाही. समोर पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) ढीग असेल, बंडीचं मोडकं चाक असेल, हातपंप असेल, एखादी म्हैस असेल. आईवर लिहायचं तर विचारा : तुमच्या घरी सकाळी सगळ्यांत आधी कोण उठतं आणि उठल्यावर पहिलं काम काय करतं? या प्रश्नाचं उत्तर शेजारच्या वहीतून उतरवता येत नाही आणि गाईडमध्येही सापडत नाही. एक जण लिहील की बाबा उठून चूल पेटवतात, कारण आई पहाटे वेचायला जाते. तुम्हाला त्या घराची जी माहिती वर्षभरात कळली नसती, ती त्या एका ओळीत येईल.

यावरून वर्गात विचारायच्या प्रश्नाची एक कसोटी सांगते. विचारण्याआधी मनाशी बघा, याचं उत्तर मला आधीपासून माहीत आहे का? दिवसभरात आपण विचारतो त्या जवळजवळ सगळ्या प्रश्नांची उत्तरं आपल्याला माहीत असतात आणि हे मुलांनाही ठाऊक असतं. म्हणूनच ती तुमच्या तोंडाकडे पाहतात. उत्तर तिथे आहे ना! दिवसात एक तरी प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर फक्त त्यांच्याकडे आहे.

आणि विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात अनेक वर्गांतल्या संवादांचं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं तिला दिसलं. हेच थांबणं तीन सेकंदांवर गेलं की मुलांची उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत, पण वर्गासमोर उभं राहिल्यावर ते फार जड जातात. त्या वेळात खिडकीबाहेर बघा, मनात दहा आकडे मोजा. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारं मूल वर्गात असेल तर आणखी थांबा, कारण त्याला आधी प्रश्न आपल्या भाषेत न्यायचा असतो आणि उत्तर परत मराठीत आणायचं असतं. अजूनही कुणी बोललं नाही तर सांगा, आधी शेजारच्याशी बोला, मग मला सांगा. सगळ्यांसमोर एकट्याने बोलण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं असतं.

आता जागलीच्या मुलाबद्दल. तुम्ही ते पत्रात दोन ओळींत लिहिलं आहे, मला मात्र सगळ्या पत्रातला महत्त्वाचा मजकूर तोच वाटला.

ज्या वर्गात काही विचारलं तर कुणी बोलत नाही, त्या वर्गात एक मुलगा न विचारता उठला. थंडीच्या रात्री बापाबरोबर मचाणावर बसून त्याने काहीतरी पाहिलं होतं आणि ते सांगावंसं वाटलं म्हणून तो उभा राहिला. 'म्या बाबासंग जागलीले गेलतो' हे त्याचं वाक्य अशुद्ध नाही. ते वऱ्हाडी आहे, त्याचं स्वतःचं व्याकरण आहे आणि त्याच्या घरात, शेतात, गावात सगळे तसंच बोलतात. दर चार शब्दांनी दुरुस्ती आली, तेव्हा त्याला एवढंच समजलं की मॅडमना रोह्याशी काही देणंघेणं नाही, त्यांना फक्त माझं बोलणं खटकतं आहे. मग तो बसला. इतर मुलांनीही ते पाहिलं. वर्ग गप्प का, हे तुम्ही विचारता, त्याचं उत्तर काही अंशी इथे आहे.

तो लगेच पुन्हा उठणार नाही. वर्गासमोर त्याला आग्रह करू नका. मधल्या सुट्टीत, खिचडीची ताटं धुवून झाल्यावर, सहज विचारा, "त्या रात्री मग काय झालं रे? किती रोही होते?" आणि ऐका. दुरुस्त एकही शब्द करू नका. मग विचारा, हे मी फळ्यावर लिहू का? तो हो म्हणाला तर त्याने सांगितलं तसंच, त्याच्या बोलीत लिहा. 'म्या बाबासंग जागलीले गेलतो. तुरीत रोही आले. बाबानं टिनाचा डबा वाजोला.' चार-पाच वाक्यं पुरेत.

आता सरांच्या मुद्द्याकडे वळू, कारण त्याचं उत्तर याच फळ्यावर आहे. सर म्हणतात आधी वाचन. चौथीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर ते खरंच गंभीर आहे, यात त्यांच्याशी माझं दुमत नाही. पण ही पाच वाक्यं वाचायला त्या मुलाला बसवून बघा. काय लिहिलं आहे हे त्याला आधीच माहीत आहे, कारण ते त्याचंच बोलणं आहे. तो 'जागलीले' या शब्दावर बोट ठेवेल आणि अक्षर कुठलं, मात्रा कुठली, हे त्या शब्दातून ओळखू लागेल. अडखळत वाचणाऱ्या मुलासाठी याहून चांगला पाठ छापखान्यातून येत नाही. ज्यांना चांगलं वाचता येतं त्यांना दुसऱ्या दिवशी सांगा : हीच गोष्ट पुस्तकाच्या भाषेत लिहायची आहे, कशी लिहू या? 'म्या'चं 'मी' होतं, 'जागलीले'चं 'जागलीला' होतं, 'वाजोला'चं 'वाजवला' होतं. दोन्ही रूपं शेजारी शेजारी ठेवा. मुलं प्रमाण मराठी शिकतील, व्याकरणही शिकतील आणि आपली बोली वाईट आहे असं त्यांना वाटणार नाही. परीक्षेत कुठली भाषा वापरायची, हे त्यांना दोन्ही शेजारी पाहिल्याने जास्त नीट कळतं.

इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे वऱ्हाडीला फक्त हसवण्यापुरतं व्यासपीठावर आणतात. स्नेहसंमेलनात गमतीचं नाटुकलं असलं की वऱ्हाडी, भाषण असलं की पुस्तकी. मुलांच्या दुःखाला, भीतीला, नवलाला त्यांच्या बोलीत जागा मिळाली पाहिजे, आणि ती जागा तुमच्या फळ्यावर आहे.

सर्जनशीलता भाषेच्या आणि चित्रकलेच्या तासाची, असाही एक समज आहे. गणिताचं उदाहरण घेते. तिसरीतल्या मुलाने ५२ वजा २७ केलं आणि उत्तर लिहिलं ३५. आपण लाल काट मारतो आणि 'हातचा घ्यायचा राहिला' म्हणून पुढे जातो. त्याऐवजी विचारा, "कसं केलंस?" तो सांगेल, "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन." म्हणजे त्याने डोकं चालवलं आहे. दोनातून सात जात नाहीत हे त्याला कळलं, म्हणून 'मोठ्यातून लहान काढायचा' असा स्वतःचा नियम त्याने तयार केला. आता त्यालाच विचारा, "बावन्न रुपये घेऊन दुकानात गेलास, सत्तावीसचा किराणा घेतला, घरी किती परत आणशील?" जो मुलगा खरंच दुकानात जातो तो बोटांवर करेल : सत्तावीसचे तीस व्हायला तीन, तिसाचे पन्नास व्हायला वीस, वरचे दोन, झाले पंचवीस. एकाच गणिताची दोन उत्तरं फळ्यावर येतील. मग वर्गालाच ठरवू द्या, कुठलं बरोबर आणि दुसरं कुठे चुकलं. तिसरं कुणी तिसऱ्याच वाटेने येईल. एका वजाबाकीवर पंधरा मिनिटं गेली तर जाऊ द्या. पंचवीस वजाबाक्या उतरवून जे शिकणं होत नाही, ते या पंधरा मिनिटांत होतं. आणि हो, पाढे पाठ असायलाच हवेत. पाठांतर वाईट नाही. दिवसभर दुसरं काहीच नसणं वाईट.

खेड्यातल्या मुलांसाठी ही चैन आहे का, असं तुम्ही विचारलं आहे. ताई, ज्या भागात तुम्ही शिकवता तिथे हा प्रश्न उलटा विचारायला हवा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीमचा विचार पुढे आला. मुलांनी हाताने काहीतरी उपयोगी काम करावं आणि त्या कामातूनच गणित, भाषा, विज्ञान शिकावं, तेही मातृभाषेतून, असा त्याचा गाभा होता. तकलीवर सूत कातायचं आणि त्याच सुताची लांबी, वजन, वेळ यांचा हिशेब मांडायचा. डोळ्यांसमोर खेड्यातलीच मुलं होती. सेवाग्रामला आनंद निकेतन ही शाळा २००५ पासून पुन्हा त्या वाटेने चालते आहे. तुमच्यापासून ती काही फार लांब नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी किंवा नंतर तिथे शाळा भरलेली असताना एक दिवस काढून जाऊन या, सरांनाही बरोबर न्या.

तकली आज तुमच्याकडे नसेल, कापूस तर आहे. वेचणी सुरू झाली की प्रत्येकाला दहा फुटलेली बोंडं आणायला सांगा. आधी नुसतं मोजणं. एका बोंडात कप्पे किती? कुणाला चार सापडतील, कुणाला पाच. मग दहा बोंडांतला कापूस काढून हाताने सरकी, म्हणजे बी, वेगळी करायची, रुई (नुसते तंतू) एकीकडे आणि सरकी एकीकडे. हे चिवट काम आहे, वेळ लागतो आणि बोलणी चालू राहतात, ती चालू द्या. मग विचारा, "जड काय असेल, रुई की सरकी?" दोघांचे ढीग समोर आहेत. रुईचा ढीग फुगून एवढा मोठा दिसतो की बरीच मुलं रुई म्हणतील. प्रत्येकाने आपलं उत्तर वहीत लिहायचं आणि का ते एका ओळीत सांगायचं. त्यानंतर काडीला दोन्ही टोकांना डब्याची झाकणं बांधून केलेल्या तराजूत दोन्ही ठेवा. सरकीची बाजू खाली जाईल, कारण कापसाच्या वजनात साधारण दोन भाग सरकी आणि एक भाग रुई असते. मग हळूच कुणीतरी विचारेल, की जिनिंगवाला सरकीचं काय करतो? हा प्रश्न मुलाकडून आला तर तुमचं त्या दिवसाचं काम झालं. उत्तर लगेच देऊ नका. "घरी विचारून या."

याच कापसावर आणखी खूप आहे. किराणा दुकानाच्या काट्यावर पाव किलोला किती बोंडं लागतात ते मोजा आणि किलोचा अंदाज बांधा. बोंड बारीक की टपोरं त्याप्रमाणे दोनशे ते तीनशेच्या घरात आकडा येतो. सगळ्यांचा आकडा वेगळा येईल. का वेगळा आला, यावर बोला. कुणाचं शेत ओलिताचं, कुणाचं कोरडवाहू, कुणाच्या बोंडांना गुलाबी बोंडअळी लागलेली. वेचणीच्या दिवसांत जी मुलं शाळेला येत नाहीत आणि पंधरा दिवसांनी खाली मान घालून परत येतात, त्यांना या तासाला जाणकार म्हणून बोलावता येतं. ती शाळेत नव्हती हे चांगलं झालं, असं मी अजिबात म्हणत नाही. पण आल्यावर 'इतके दिवस कुठे होतास' या प्रश्नाने त्यांचं स्वागत झालं, की पुढच्या वेळी यायला ती आणखी कचरतात.

सणांचं थोडक्यात सांगते. भुलाबाईच्या गाण्यांनंतर खिरापत ओळखतात ना, तो खेळ वर्गात आणा : डब्यात एक वस्तू ठेवायची, मुलांनी फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. प्रश्न कसा विचारावा, हे शिकवायला इतका चांगला खेळ मला दुसरा माहीत नाही. पोळ्याला गावात झडत्या, म्हणजे बैलांसमोरची खोचक कवनं, म्हणतात. तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात मुलांना आपल्या शाळेवर झडती रचायला सांगा. त्यात शौचालयाच्या तुटलेल्या दाराची तक्रार आली, तर ती पुसू नका.

तुमच्या डोक्यावरच्या कागदांचंही बघू. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी आपण सगळे कशा भरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तयार नोंदींची पीडीएफ फिरत असते, त्यातली वाक्यं उतरवली की काम झालं. आता निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही सगळी अधिकृत साधनंच आहेत. कापसाचा तास प्रात्यक्षिकात बसतो, जागलीची गोष्ट तोंडी कामात बसते. मग नोंदीत 'आत्मविश्वासाने बोलतो' असं लिहिण्यापेक्षा मुलाचं त्या दिवशीचं एक वाक्य तारखेसह लिहा. वेळ तितकाच लागतो आणि वर्षअखेरीस त्या मुलाबद्दल तुमच्याकडे खरं काहीतरी असतं. भेटीला आलेल्या केंद्रप्रमुखांनी आवाज का होतो आहे असं विचारलं, तर शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २९ त्यांना नम्रपणे दाखवा. कृतीतून आणि शोधातून शिकणं, शक्यतो मातृभाषेतून शिकणं, मुलांनी भीतीशिवाय मोकळेपणाने मत मांडणं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे.

एक कळकळीची सूचना : तास चालू असताना मोबाइल कपाटात ठेवा. उपक्रमांचे फोटो वरून मागितले जातात, हे मला माहीत आहे. ते तास संपल्यावर काढा. मोबाइल बाहेर आला की मुलं ताठ बसतात, हसायचं म्हणून हसतात, आणि आपणही जे दिसायला चांगलं तेच त्यांच्याकडून करून घेऊ लागतो. ग्रुपवरचे व्हिडिओही काही दिवस बघू नका. तीस सेकंदांत जे दिसतं, त्यावरून त्या वर्गात कोण विचार करत होतं हे कळत नाही.

पालकांचा राग मला चुकीचा वाटत नाही. ज्यांना स्वतःला पुरतं शिकता आलं नाही, त्यांच्यासाठी भरलेली वही हा मूल शिकत असल्याचा एकमेव पुरावा असतो. कॉन्व्हेंटच्या वह्या भरलेल्या दिसतात, तुमच्याकडून मूल बाहुल्यांच्या गोष्टी घेऊन घरी जातं. म्हणून एक नियम करा : कुठलाही खेळ, कृती, चर्चा झाली की शेवटी वहीत दोन ओळी लिहायच्याच, तारीख टाकून. शिवाय घरी विचारून आणायचा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी द्या. 'आजीच्या लहानपणी ज्वारी कशात साठवत?', 'एक मण म्हणजे किती?' ज्या आईला वाटतं की शाळेतलं आपल्याला काही कळत नाही, तिच्याकडेच मूल वही-पेन घेऊन बसलं, की शाळेबद्दलचं तिचं मत हळूहळू बदलतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पुढच्या सभेत तुमच्या पद्धतीवर भाषण करू नका. दोन मुलांना स्वतः लिहिलेलं पान वाचायला लावा, एकाला फळ्यावर वजाबाकी दोन रीतींनी करून दाखवायला सांगा. गेलेली तीन मुलं परत येतील असं आश्वासन मी देणार नाही. इंग्रजीची ओढ आणि गाडीची सोय यांच्याशी तुम्ही एकट्या लढू शकत नाही, आणि तो भार स्वतःवर घेऊही नका.

हे वाचणाऱ्या ज्या शिक्षकांच्या वर्गात साठ-साठ मुलं आहेत, त्यांनी सगळं करायला जाऊ नये. प्रश्नानंतर थांबणं आणि चुकलेल्या उत्तराला 'कसं केलंस?' विचारणं, एवढ्या दोन गोष्टी साठ मुलांतही जमतात. ज्यांच्याकडे आठवी ते दहावी आहे, त्यांनी कापसाचं उदाहरण थेट घ्यावं. बोंडं कमी-जास्त का भरली, यात जीवशास्त्र आहे आणि पेरणीपासूनच्या खर्चात टक्केवारी आहे.

फळा आणि खडूवर परत जाऊ का, या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. फक्त खडू दिवसातून थोडा वेळ मुलांच्या हातात राहू द्या. सुरुवात रोजच्या एका तासिकेपासून करा. आनंददायी शनिवारपुरतं हे ठेवू नका, नाहीतर मुलांना वाटेल की विचार करणं ही शनिवारची गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात गोंधळ होईल, काही दिवस तास साफ फसेल, काही मुलं एकमेकांचंच उतरवतील. त्यावरून पद्धत चुकली असं ठरवू नका.

आणि सरांशी वाद घालू नका. त्यांच्याकडे एकच मागणी करा : शेवटची अर्धी तासिका चारही वर्ग एकत्र बसवू द्या, त्यात तिसरी-चौथीची मुलं स्वतः लिहिलेली पानं पहिली-दुसरीच्या मुलांना वाचून दाखवतील. तुमच्या मुलांना वाचायला कारण मिळेल, त्यांच्या मुलांना ऐकायला आपल्याच गावच्या गोष्टी मिळतील. सुरुवातीलाच सरांसमोर प्रत्येक मुलाचं वाचन ऐकून नोंद करून ठेवा. दोन महिन्यांनी पुस्तकातला न शिकवलेला उतारा देऊन तीच मुलं पुन्हा सरांसमोर बसवा. सुधारणा दिसली तर आणखी एक तासिका मागून घ्या. नाही दिसली तर कुठलं मूल कुठे अडलं आहे, ते दोघांनी मिळून बघा, आणि त्या मुलांसाठी रोज वीस मिनिटं अक्षरांचा आणि शब्दांचा वेगळा सराव ठेवा.